शिरेतील नळी आणि घरचा रुग्ण

(संघाच्या वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वैद्यकीय साहाय्यनिधीच्या नियमावलीत असे एक कलम आहे की, रुग्ण किमान एक रात्र रुग्णालयात दाखल झाला असेल तरच त्यास निधीतून साहाय्य द्यावे. ज्या काळी हे कलम घातले गेले त्या काळी ते रास्तच होते. शिरेतून औषध द्यावयाचे म्हणजे खाट धरावयाची, हाच तेव्हाचा रिवाज. परंतु सांप्रत पुष्कळ रुग्ण दिवसातून एकदा दवाखान्यात जातात, हातास लावून ठेवलेल्या नळीवाटे प्रतिजैविकाची मात्रा घेतात आणि दुपारच्या जेवणास घरी परततात. कोणाकडे परिचारिकाच घरी येऊन मात्रा देऊन जाते. अशा रुग्णास आपला निधी काहीही देत नाही. साहजिकच, केवळ साहाय्य मिळावे म्हणून चार दिवस खाट अडवून बसण्याचा प्रसंग आपल्या कुटुंबांवर येतो. बहुतेक आरोग्यविम्यांतही २४ तासांच्या वास्तव्याची अट असल्यामुळे या ओढीत भरच पडते.

हे कलम बदलावे काय, असा प्रश्न मंडळापुढे आला आहे. त्याच्या आधीचा प्रश्न असा की, घरी राहून शिरेतून प्रतिजैविके घेणे निर्धोक आहे काय? पैशाचा विचार खजिनदार करतील. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वैद्याने द्यावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे मत आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचनाचा रोख ध्यानात राहील. रुग्णाची निवड नीट झाली, औषध शिरेस सोसणारे असले, दिवस थोडे असले आणि नळीकडे रोज कोणीतरी जाणत्याने पाहिले, तर हा उपचार घरी करण्यास हरकत नाही. यांतील शेवटची अट सर्वांत सोपी दिसते आणि नेमकी तीच सर्वांत अधिक वेळा सुटते.

खाटेचा हा रिवाज मुळात पडला कसा, ते थोडक्यात पाहू. १९४१ साली ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायास पेनिसिलीन देण्यात आले. ते औषध शरीरात टिकत नसे. मूत्रपिंडे ते इतक्या वेगाने बाहेर टाकीत की, रुग्णाच्या लघवीतून काढून ते पुन्हा त्यालाच देण्याची पाळी आली. अखेर साठा संपला आणि सुधारू लागलेला तो रुग्ण दगावला. पुढे पेनिसिलीन मुबलक झाले. आपल्याकडे पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. पण दर तीन-चार तासांनी टोचावे लागणारे औषध घरी घेणार कसे? अशा रीतीने रुग्णालयाची खाट पुष्कळदा रोगापेक्षा औषधाच्या चंचलपणामुळेच लागत असे. सेफ्ट्रायाक्सोनसारखी औषधे आली आणि ही अडचण दूर झाली. या औषधाचा निम्मा अंश रक्तातून जाण्यास सहा ते नऊ तास लागतात. त्यामुळे पुष्कळ रोगांत दिवसाकाठी एकच मात्रा पुरते. अर्टापेनेम आणि अमिकासिन हीदेखील दिवसातून एकदा देता येतात.

नळीची कथाही अशीच आहे. पूर्वी शिरेत पोलादी सुईच ठेवावी लागे आणि ती हलू नये म्हणून हात फळीस बांधून टाकीत. १९५० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये मासा या डॉक्टरांनी सुईवर प्लास्टिकची नळी बसवून, नळी शिरेत सरकवल्यावर सुई काढून घेण्याची युक्ती पुढे आणली. १९७४ साली अमेरिकेतच रकर आणि हॅरिसन यांनी, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या रुग्णांना रुग्णालयाबाहेर शिरेतून औषधे देता येतात, असे प्रसिद्ध केले. आज ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत अशा उपचारांसाठी स्वतंत्र पथके आहेत.

आपल्याकडील परिचारिका जिला इंट्राकॅथ म्हणतात ती नळी म्हणजे काय, हे घरच्या माणसांना ठाऊक असावे. हातात सुई राहिली आहे, अशा समजुतीने कित्येक रुग्ण हात लाकडासारखा ताठ धरून बसतात. हातात सुई नसतेच. सुई बाहेर काढलेली असते आणि मागे राहते ती इंच-सव्वा इंच लांबीची मऊ नळी. तिच्या टोकाच्या रंगावरून जाडी कळते: गुलाबी २० क्रमांकाची, निळी २२ क्रमांकाची. क्रमांक जितका मोठा तितकी नळी बारीक. प्रतिजैविकासाठी निळी बहुधा पुरते. बारीक नळीभोवती रक्त खेळते राहते आणि औषध पातळ होऊन पुढे जाते. जागा म्हणाल तर कोपर आणि मनगट यांच्या मधला सपाट भाग उत्तम. मनगटाच्या किंवा कोपराच्या सांध्यात लावलेली नळी प्रत्येक हालचालीबरोबर शिरेच्या भिंतीस घासते. शक्यतो डाव्या हातास, आणि बांगड्या काढूनच लावावी. ज्या हाताने कणिक मळावयाची त्या हातास नळी लावून घरी पाठवलेली गृहिणी दोन दिवसांत शीर सुजवून परत येते, हे सांगण्यास वैद्यकशास्त्राची गरज नाही.

आता धोक्यांविषयी. नळी तुंबते किंवा निसटते. यात त्रास आहे, पण भय नाही. औषध शिरेबाहेर जाऊन हात फुगतो. त्वरित थांबवले तर बहुधा आपोआप उतरते. शिरेचा दाह होतो, म्हणजे जागा लाल होते, दुखते, आणि दुर्लक्ष झाले तर बोटास दोरीसारखी कडक शीर लागते. चौथा धोका खरा गंभीर आहे. त्वचेवरील जंतू नळीच्या कडेने किंवा तिच्या तोंडातून आत शिरून रक्तात पसरतात. यांपैकी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू हृदयाच्या झडपांवर किंवा कण्याच्या मणक्यांत जाऊन ठाण मांडू शकतो. चार दिवसांच्या तापाच्या उपचारापायी सहा आठवड्यांचा नवा आजार पत्करण्यासारखे ते होते.

हे कितपत घडते? २००६ साली अमेरिकेतील माकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० अभ्यासांचे आकडे एकत्र केले. एका रुग्णास एक नळी एक दिवस, हा एक नळी-दिवस धरला, तर हातावरील आखूड नळीपासून रक्तात जंतू जाण्याचे प्रमाण दर १००० नळी-दिवसांमागे ०.५ एवढे आढळले. मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत घालावयाच्या साध्या नळीत तेच प्रमाण २.७ होते. म्हणजे हातावरील नळी पुष्कळच बरी. परंतु मोठ्या शिरेतील नळी थोड्यांना लागते आणि ही मात्र लक्षावधी लोकांना लागते, तेव्हा प्रमाण अल्प असले तरी एकंदर संख्या अल्प राहत नाही.

नळी किती दिवस ठेवावी, या प्रश्नावर जरा रेंगाळण्याची परवानगी मागतो, कारण याच जागी घरचा उपचार आणि रुग्णालयाचा उपचार यांच्यातील भेद उघड होतो. ७२ ते ९६ तासांनी नळी बदलावी, असा परिपाठ पुष्कळ काळ चालत आला होता. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताच्या तीन रुग्णालयांत ३२८३ रुग्णांवर याची परीक्षा झाली आणि ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांची नळी नेमाने बदलली, अर्ध्यांची केवळ गरज दिसली तर. शिरेच्या दाहाचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, शेकडा ७, आणि रक्तातील जंतुसंसर्ग दोन्हीकडे विरळाच. तेव्हा विनाकारण पुन्हा पुन्हा टोचू नये, असे मत रूढ होऊ लागले. त्यास अनुसरून स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २०१८ साली नेमाने बदलणे सोडून दिले. तेथे चार लाखांहून अधिक नळ्यांची नोंद ठेवलेली होती. २०२१ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा असे दिसले की, नियम सैल केल्यावर नळीपासून होणारे रक्ताचे संसर्ग सुमारे सातपट झाले. जुना नियम परत आणताच ते पुन्हा उतरले.

या दोन अनुभवांत विरोध आहे असे वरकरणी वाटते. मला तो तितकासा वाटत नाही. परीक्षा चालू असताना प्रत्येक नळीकडे कोणीतरी नेमून दिलेले माणूस पाहत असते. रोजच्या धावपळीत ‘गरज दिसली तर बदला’ याचा अर्थ हळूहळू ‘कोणी पाहिले तर बदला’ असा होऊ लागतो. जिनीव्हासारख्या ठिकाणी जर असे घडते, तर ज्या घरी पाहणारी व्यक्ती म्हणजे स्वयंपाक, मुलांची शाळा आणि सासऱ्यांचे आजारपण एकटीने सांभाळणारी सून आहे, तेथे काय होईल? म्हणून मी माझ्यापुरता असा नेम ठेवतो की, घरी पाठवलेल्या रुग्णाची नळी तिसऱ्या दिवशी बदलावी, मग ती कितीही छान दिसो. औषध दोन-तीन दिवसांचेच असेल आणि शिरा चांगल्या असतील तर रोज बारीक सुईने मात्रा देऊन सुई काढून टाकावी व रुग्णास मोकळ्या हाताने घरी जाऊ द्यावे. रोज टोचून घेण्याची कुरकुर होते खरी, पण घरी ज्याची राखण करावयाची असे काही उरतच नाही. याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. हा माझा नेम म्हणूनच घ्यावा.

औषधाची निवडही तितकीच महत्त्वाची. सेफ्ट्रायाक्सोन हातच्या शिरेस बव्हंशी सोसते. व्हँकोमायसिन आणि क्लॉक्सासिलिन ही औषधे शिरेची आग करतात. त्यांचे दोन आठवड्यांचे उपचार हातावरील आखूड नळीने रेटू नयेत. हाडाचा किंवा हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग असेल आणि चार-सहा आठवडे शिरेतूनच औषध लागणार असेल, तर दंडातून थेट छातीतील मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब नळी आरंभीच बसवावी. दोन्ही हातांच्या सर्व शिरा सुजून संपल्यावर तिचा विचार करण्यात शहाणपण नाही. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांच्या हातच्या शिरा तर जिवापाड जपावयाच्या असतात, कारण पुढे रक्तशुद्धीसाठी त्याच उपयोगी पडावयाच्या असतात. अमिकासिनविषयी एवढे सांगतो की, ते मूत्रपिंडास आणि कानास बाधते; रक्ततपासणीवाचून ते आठवडाभर घेऊ नये.

एक सावधगिरी फारशी कोणी सांगत नाही. सेफ्ट्रायाक्सोन आणि रिंगर लॅक्टेटसारखे कॅल्शियमयुक्त सलाईन एकत्र मिसळले की त्याचा साका बनतो. नवजात बालकास ते जिवावर बेतू शकते. मोठ्यांनाही दोन्ही एकाच वेळी एकाच नळीतून देऊ नयेत. याच ओघात ‘ताकदीच्या बाटली’विषयी बोलल्यावाचून राहवत नाही. नळी लावलेलीच आहे, तर एक ताकदीचे सलाईन चढवा, असा आग्रह आपल्याकडे फार होतो. अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. ज्यास तोंडाने घेता येते त्याने पेजेत तूप-मीठ घालून घ्यावे. ताकद तिच्यात अधिक आहे, आणि त्यासाठी शिरेचे दार पुन्हा पुन्हा उघडावे लागत नाही.

पहिली मात्रा घरी घेऊ नये, हे मी निक्षून सांगतो. प्रतिजैविकाची तीव्र अ‍ॅलर्जी काही मिनिटांत उसळते: अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. त्या क्षणी मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रिनॅलिन टोचणे हाच उपाय. ते हाताशी असेल आणि देता येणारे माणूस समोर असेल, तेथेच पहिली मात्रा व्हावी. कातडीवर औषधाचा थेंब टोचून ‘टेस्ट’ केली व ती निर्दोष आली, म्हणजे भय टळले असे मानणे चुकीचे आहे. ती परीक्षा तशी हमी देत नाही. अ‍ॅलर्जी क्वचित नंतरच्या मात्रेसही उद्भवते. यास्तव घरी मात्रा देणाऱ्या परिचारिकेच्या पिशवीतही अ‍ॅड्रिनॅलिनची कुपी असली पाहिजे, आणि ती आहे काय, हे विचारण्यात घरच्यांनी संकोच धरू नये.

घरच्या मंडळींनी करावयाचे फार नाही, पण जे आहे ते नेमाने करावे. नळीवर पारदर्शक पट्टी असावी. पांढऱ्या चिकटपट्टीचे वेढे देऊन जागा झाकून टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याने आतील लाली दिसतच नाही. पट्टीवर नळी लावल्याची तारीख व वेळ शाईने लिहिलेली असावी. सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहावे: लाली, सूज, दुखणे, पू, दोरीसारखी शीर. यांपैकी एकही आढळल्यास रात्र काढू नये, नळी काढवून घ्यावी. मात्रा दिल्यानंतर थोड्याच वेळात हुडहुडी भरून ताप आला, तर नळीच दूषित झाल्याचा संशय धरून थेट रुग्णालय गाठावे. स्नानाच्या वेळी हातास प्लास्टिकची पिशवी बांधावी. पट्टी भिजली वा सुटली तर परिचारिकेस बोलवावे. घरात पडलेली चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नये.

परिचारिका नळीस हात लावण्यापूर्वी स्वतःचे हात धुते काय, नळीचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासून वाळू देते काय, हेही पाहावे. औषधाच्या आधी व नंतर नळी सलाईनने धुवावी लागते. त्यासाठीचे सलाईन त्या रुग्णापुरते, नव्या सिरिंजमध्ये भरलेले असावे. एकाच मोठ्या बाटलीस सुई टोचून ठेवावयाची आणि दिवसभर आल्या-गेल्या प्रत्येक रुग्णाची नळी तिच्यातील पाण्याने धुवावयाची, असा काटकसरीचा प्रकार काही ठिकाणी चालतो. एकाचे जंतू दहांना वाटण्याची याहून सोपी रीत मला ठाऊक नाही. वापरलेल्या सुया स्वयंपाकघरातील केरात टाकू नयेत. त्या न भेदणाऱ्या डब्यात भरून दवाखान्याकडे परत द्याव्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार सुयांसाठी पांढरा अर्धपारदर्शक डबा नेमलेला आहे.

येथवर नळी कशी सांभाळावी ते सांगितले. ती लागते काय, हा प्रश्न मागे ठेवला होता. इंजेक्शन म्हणजे जालीम औषध आणि गोळी म्हणजे सौम्य, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजली आहे. लिनेझोलिड, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे गोळीवाटे घेतली तरी जवळजवळ संपूर्ण रक्तात उतरतात. २०१९ साली ब्रिटनमध्ये हाडांच्या व सांध्यांच्या संसर्गाच्या १०५४ रुग्णांची परीक्षा प्रसिद्ध झाली. पहिले सहा आठवडे निम्म्यांना शिरेतून व निम्म्यांना तोंडाने औषध होते. उपचार फसण्याचे प्रमाण शिरेतून शेकडा १४.६ आणि तोंडाने १३.२, म्हणजे तोंडाचे औषध कोठेही उणे पडले नाही. डेन्मार्कमध्ये हृदयाच्या झडपांच्या संसर्गाच्या ४०० रुग्णांतही, प्रकृती स्थिरावल्यावर गोळ्यांवर नेलेले रुग्ण मागे राहिले नाहीत. आपल्याकडील साध्या विषमज्वरातही योग्य रुग्णास अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांनी गुण येतो. म्हणून दोन-तीन दिवसांनी ताप उतरला आणि अन्न जाऊ लागले, की डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: ‘आता गोळीवर आणता येईल काय?’ उत्तर होकारार्थी आले तर नळी त्याच दिवशी काढवून घ्यावी. असू दे, लागली तर बरी, म्हणून ठेवलेली नळी निव्वळ धोका असते.

आता कलमाकडे येतो. ते बदलावे, असेच माझे मत आहे. मात्र तळमजल्यावरील ज्या खोलीत आपण वॉकर, चाकांच्या खुर्च्या आणि खाटा उसन्या देण्यासाठी ठेवतो, तेथे इंजेक्शनचीही सोय करावी, ही काही तरुण सभासदांची सूचना मला मान्य नाही. त्यांचा हेतू थोर आहे. परंतु पूर्णवेळ डॉक्टर, प्रशिक्षित परिचारिका आणि रात्री उत्तर देणारा दूरध्वनी असल्याशिवाय तसली खोली उघडणे म्हणजे, ज्या बेफिकीर नळीविषयी मी इतका वेळ बोललो तिलाच संघाचे छत्र देणे होय. तोच पैसा परिचारिकेच्या घरभेटींवर खर्च व्हावा. आपल्या ज्ञातीची घरे मुंबई-पुण्यात आहेत तशी रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आडगावांतही आहेत. जेथून रुग्णालय दीड-दोन तासांवर आहे, किंवा वृद्ध दांपत्य एकटेच राहते, तेथे घरचा उपचार योग्य नाही. अशांसाठी खाटेचे साहाय्य आहे तसेच राहावे, एवढेच नव्हे तर वाढवावे.

सुधारलेल्या कलमाचा मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे. अर्जासोबत चार नोंदी मागितल्या आहेत: पहिली मात्रा कोठे दिली, शिरेतून औषध का लागले आणि गोळी का चालली नाही, रात्री-अपरात्री कोणास बोलवावयाचे ठरले होते, आणि नळी लावल्याची व काढल्याची तारीख. पहिल्या तिन्हींत एखादी उणीव राहिली तर विचारून ती भरून घ्यावी. नळी काढल्याची तारीख कोरी असेल, तर मात्र अर्जाची छाननी बाजूला ठेवून चिटणिसांनी त्या घरी तत्काळ दूरध्वनी करावा.